निवडुंगाच्या फळाची साल : टाकाऊ की उपयोगी?

निवडुंग म्हटला म्हणजे बांधावरचे काटेरी कुंपण डोळ्यांसमोर येते. परंतु फड्या निवडुंगाची लाल बोंडे गुराखी मुले काटे काढून आवडीने खात आली आहेत, आणि मेक्सिको देशात त्याच्या कोवळ्या फड्यांची भाजी करतात. ड्रॅगन फ्रूट हेही याच कुळातील फळ होय. कोल्हापूरशेजारच्या सांगली जिल्ह्यातील तडसर गावची ही फळे २०२१ साली दुबईस निर्यात झाली. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या, निचऱ्याच्या जमिनीतही हे पीक घेता येते.

या फळाच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा साल असते. गर खाऊन ती उकिरड्यावर टाकली जाते. हे नुकसान केवढे, ते पाहू.

सालीत काय असते?

चिरलेले वांगे काळे पडते, तेल खवट होते. हा हवेतील प्राणवायूचा परिणाम होय. ही क्रिया रोखणाऱ्या द्रव्यांना ऑक्सिडीकरणरोधक म्हणतात. बीटच्या कंदाला लाल रंग देणारी द्रव्ये या प्रकारची असून तीच ड्रॅगन फ्रूटच्या सालीत असतात. तैवानमधील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लाल गराच्या जातीत दर १०० ग्रॅम गरात १०.३, तर तेवढ्याच सालीत १३.८ मिलिग्रॅम रंगद्रव्य आढळले. पांढऱ्या गराच्या जातीत तर हा लाल रंग सालीतच असतो. म्हणजे साल टाकली की तो सर्वच गेला.

सालीच्या अर्काने काही रोगजंतूंची वाढ रोखली जाते, असेही प्रयोगशाळेत दिसून आले आहे. तथापि काचपात्रातील हा परिणाम म्हणजे रोगावरील औषध नव्हे. कोणी जखमेवर किंवा जुलाबावर साल सुचविल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यास दवाखान्याची वाट दाखवावी.

उपयोग कसा करावा?

फवारणी व तोडणी यांमध्ये विहित अंतर राखलेलीच फळे घ्यावीत. ती स्वच्छ धुऊन सालीवरील खवले काढावेत. सालीच्या पातळ चकत्या करून त्या सावलीत, वाऱ्यावर कडकडीत वाळवाव्यात व दळून भुकटी करावी. पावसाळी हवेत यंत्राने मंद उष्णतेवर वाळवाव्यात, अन्यथा बुरशी येते. कडक ऊन व फार उकळणे यांनी रंग उडतो. म्हणून भुकटी हवाबंद डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवावी. पिठात मिसळण्यास किंवा सरबतास रंग देण्यास ती उपयोगी पडते. सालीत पेक्टिन असल्यामुळे जॅम घट्ट होण्यासही ताज्या सालीची मदत होते. पावसात तडकलेली, बाजारात न खपणारी फळे ताजी असतानाच अशा कामी लावावीत. कुजलेली घेऊ नयेत.

छाटणीतील निरोगी फांद्या रोपांसाठी वापराव्यात. उरलेल्यांचे तुकडे करून कंपोस्ट खड्ड्यात टाकावेत. रोगट फांद्या मात्र बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात.

एक इशारा

तीन धारांचा, चीक गळणारा झाडोरा पुष्कळ ठिकाणी निवडुंगच म्हणून ओळखला जातो. तो या कुळातील नव्हे. त्याचा पांढरा चीक विषारी असून डोळ्यांस फार अपायकारक आहे. फांदी मोडताच दुधासारखा चीक आला, तर ते झाड खाण्याचे नव्हे, ही खूण घरातील मुलांनाही शिकवून ठेवावी.