गोगलगायीची निळाई

प्राचीन इस्राएलात निळा रंग म्हणजे चैन. निवासमंडपाच्या, म्हणजे त्यांच्या तंबूतल्या देवस्थानाच्या पडद्यांत तो होता. प्रमुख याजकाचा झगा तर अखंड निळा. पण बायबलच्या ‘गणना’ या ग्रंथात सामान्य माणसालाही वाटा मिळाला आहे: वस्त्राच्या कोपऱ्यांवरच्या गोंड्यांत एक निळा दोरा असावा आणि तो पाहून देवाच्या आज्ञा आठवाव्यात. याजकाचा रंग शेतकऱ्याच्या अंगावर, मग एका दोऱ्यापुरता का असेना!

या रंगाचं हिब्रू नाव ‘तखेलेत’. आज बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो भूमध्य समुद्रातल्या म्युरेक्स गोगलगायीपासून काढत. तिच्या ग्रंथीतला स्राव हवा आणि उजेड लागला की जांभळा होतो. मग निळा कसा? 1980च्या दशकात रसायनतज्ज्ञ ओटो एल्सनर यांना आढळलं, की रंगाच्या द्रावणावर ऊन पडलं तर त्यातलं ब्रोमीन सुटतं आणि लोकर निळी निघते.

रासायनिकदृष्ट्या ही आपली नीळच. त्यामुळे स्वस्तातली वनस्पतीची नीळ तखेलेत म्हणून खपवणारेही होते. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात त्याबद्दल सक्त ताकीद आहे, शिवाय रंग पारखण्याच्या युक्त्याही. पुढे ही रंगविद्या लोपली आणि यहुदी लोक नुसत्या पांढऱ्या दोऱ्यांवर भागवू लागले.