यंत्राची वाणी आणि कचेरीतला विवेक : मालमत्ता-व्यवस्थापनातील प्रशिक्षणाचा भाषिक विचार

१

मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी माणसाशी लेखी संवाद करणाऱ्या आपल्या संगणक-कार्यक्रमाची माहिती १९६६ साली प्रसिद्ध केली. त्या कार्यक्रमाला त्यांनी ‘एलायझा’ हे नाव दिले होते. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मधील फुलवालीचे. मराठी प्रेक्षकाला ती पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ (१९७५) या नाटकातील मंजुळा म्हणून परिचित आहे. उच्चार आणि शब्द बदलताच भोवतालचा समाज त्या मुलीला निराळी व्यक्ती मानू लागतो, हा त्या नाटकाचा गाभा. वायझेनबाउम यांचा कार्यक्रम समोरच्याचीच वाक्ये थोडी फिरवून प्रश्नरूपाने परत करीत असे. तरीही आपले म्हणणे कोणी समजून घेत आहे असे त्याच्याशी बोलणाऱ्यांना वाटू लागले, आणि नेमक्या याच गोष्टीने त्याचा कर्ता अस्वस्थ झाला.

भाषेची सफाई म्हणजेच समज, असा ग्रह माणूस फार लवकर करून घेतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रयोगशाळेतून भाड्याच्या इमारतींच्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचली असताना हा ग्रह केवळ तात्त्विक कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. तेथील कर्मचाऱ्यांना या साधनांचे शिक्षण कसे द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थापनशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो बऱ्याच अंशी वाचनाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांनीही त्याकडे लक्ष द्यावे असा आहे.

२

मालमत्ता-व्यवस्थापन म्हटले की नळ, उद्वाहक, रंगकाम यांचेच चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु व्यवस्थापकाचा बराचसा दिवस मजकुरात जातो. रिकाम्या घराची जाहिरात, चौकशीची उत्तरे, अर्जांची छाननी, भाडेकरार, दुरुस्तीच्या तक्रारी, थकबाकीची पत्रे, सभेचे इतिवृत्त ही सारी लेखनाचीच कामे होत. अमेरिकेतील मोठ्या निवासी संकुलांत चौकशीला रात्री-अपरात्री उत्तर देणे, घर दाखविण्याची वेळ ठरविणे, पत्रांचे मसुदे करणे ही कामे आता यंत्रावर सोपविली जातात.

या यंत्रांचे दोन प्रकार येथे वेगळे केले पाहिजेत. पहिला प्रकार वाक्ये रचणाऱ्यांचा. प्रचंड लिखित मजकुराच्या आधारे पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित करून ही साधने मजकूर जुळवितात. त्यांच्यापुढे मूळ करारनामा ठेवला नाही, तर करारनाम्यात सर्वसाधारणपणे असते तसे कलम ती सांगतील. ते याच कराराचे कलम असेल याची शाश्वती नाही. दुसरा प्रकार गुण देणाऱ्यांचा. अर्जदाराच्या आर्थिक इतिहासावरून ही साधने एक आकडा काढतात आणि तो होकार-नकाराचा आधार होतो. पहिल्या प्रकारात भुरळ घालते ती वाक्याची सफाई, दुसऱ्यात आकड्याचा अधिकार.

३

दुसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. मॅसॅच्युसेट्समधील दोन कृष्णवर्णीय महिलांच्या वतीने २०२२ साली संघराज्य न्यायालयात सेफरेंट सोल्यूशन्स या कंपनीविरुद्ध दावा गुदरण्यात आला. भाडेकरूंना गुण देणारी कंपनीची पद्धत शासकीय भाडे-साहाय्याचा विचार करीत नाही, भाड्याशी संबंध नसलेल्या कर्जांच्या इतिहासाला मात्र महत्त्व देते, आणि त्यामुळे कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक अर्जदारांवर अन्याय होतो, असे दाव्याचे स्वरूप होते. यांपैकी एकीने अनेक वर्षे वेळेवर भाडे भरल्याचे घरमालकांचे दाखले अर्जासोबत जोडले होते. नकार आल्यावर तिने फेरविचाराची विनंती केली, तेव्हा अशा विनंत्या स्वीकारल्या जात नाहीत आणि छाननीचा निष्कर्ष बदलता येत नाही, असे तिला कळविण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सुमारे २२ लाख ७५ हजार डॉलरच्या तडजोडीला अंतिम मान्यता दिली. कंपनीने दोष मान्य केला नाही. भाडे-साहाय्य घेणाऱ्या अर्जदारांसाठी असे गुण वापरण्यावर मात्र तिने पाच वर्षांची मर्यादा स्वीकारली.

या प्रकरणात दाखले हाताशी होते आणि ते वाचता येण्याजोगे होते. पण आकडा आल्यानंतर कागद वाचण्याची सोयच कार्यपद्धतीत उरली नव्हती. एका कुटुंबाला छप्पर मिळणे न मिळणे ज्या पत्रावर अवलंबून असते, त्या पत्रामागे वाचणारा माणूस आहे की नाही, हा येथील कळीचा मुद्दा आहे.

पहिल्या प्रकाराच्या यंत्रांबाबतही जबाबदारीचा प्रश्न सुटलेला नाही असे म्हणता येत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी तंटा-निवारण न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एअर कॅनडाच्या प्रकरणात निर्णय दिला. शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल संकेतस्थळावरील संवाद-यंत्राने दिलेल्या चुकीच्या माहितीस कंपनीच जबाबदार आहे, असे त्यात ठरले. यंत्र आपल्या बोलण्याला स्वतः उत्तरदायी आहे, हा बचाव टिकला नाही. विमानाच्या तिकिटाला जे लागू झाले त्याचा बोध अनामत रकमेविषयी उत्तर देणाऱ्या कचेरीनेही घेण्यासारखा आहे.

४

आता प्रशिक्षणाकडे वळू. कोणती कळ दाबावी आणि यंत्राला प्रश्न कसा घालावा, एवढ्यावरच ते थांबले तर अपुरे ठरेल. कर्मचाऱ्याने प्रथम जाहिरातीची भाषा वाचायला शिकले पाहिजे. अमेरिकेच्या १९६८ च्या न्याय्य निवास कायद्यानुसार वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ आदींवरून पसंती-नापसंती सूचित करणारी जाहिरात निषिद्ध आहे. १९७४ मध्ये लिंग आणि १९८८ मध्ये अपंगत्व व मुलेबाळे असलेले कुटुंब यांची त्यात भर पडली. ‘शांत, निपुत्रिक दांपत्यास योग्य’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते घराचे वर्णन सोडून राहणाऱ्याचे वर्णन करते. यंत्राच्या मसुद्यातून अशी वाक्ये हुडकून काढण्यासाठी शब्दाच्या ध्वन्यर्थाकडे पाहण्याची सवय लागते.

भाषांतराचा प्रश्न याहून नाजूक. इंग्रजी भाडेकरारातील ‘क्वाएट एन्जॉयमेंट’ या पदाचे शब्दशः ‘शांत आनंद’ असे भाषांतर केले तर ते सुबोध वाटेल, पण अभिप्रेत अर्थ आहे घराचा निर्वेध उपभोग. मुंबईतील गृहनिर्माण संस्थेचा व्यवस्थापक याच अडचणीला उलट दिशेने सामोरा जातो. ‘भिंतीला ओल आली आहे’ आणि ‘छत गळते आहे’ या दोन तक्रारींना यंत्राने एकाच सदराखाली टाकले, तर वरच्या मजल्यावरील न्हाणीघर तपासायचे की गच्ची, हा भेदच पुसला जातो. थकबाकीच्या पत्रात ‘रक्कम भरावी, ही विनंती’ आणि ‘रक्कम भरा, अन्यथा कारवाई होईल’ यांतील अंतर केवळ शिष्टाचाराचे नाही. दोन शेजाऱ्यांच्या पुढल्या अनेक वर्षांच्या संबंधांचे ते अंतर आहे.

तिसरी गोष्ट संयमाची. अर्जदाराची वेतनपत्रके आणि ओळखपत्रे त्याने घर मिळविण्यासाठी दिलेली असतात. ती सोयीखातर कोणत्याही साधनात ओतणे हा विश्वासभंग होय. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाची दिशाही, माहिती ज्या हेतूने दिली त्याच हेतूसाठी ती वापरावी, अशीच आहे.

यंत्राकडे कोणते काम निःशंकपणे सोपवावे याचे तारतम्य या साऱ्यातून येते. पाणीपुरवठा दोन तास बंद राहणार असल्याच्या सूचनेचा मसुदा चुकला तर तो दुरुस्त करता येतो. नाकारलेल्या अर्जदाराचे घर दरम्यान दुसऱ्याला गेलेले असते.

५

युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्यात, ही साधने वापरणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांना त्यांविषयी पुरेसे साक्षर करावे अशी तरतूद होती. २ फेब्रुवारी २०२५ पासून ती अंमलात आली. ‘साक्षर’ हा शब्द येथे सूचक आहे. परंतु साक्षरतेच्या जोडीला अधिकारही हवा. यंत्राचा निष्कर्ष चुकीचा आहे हे ओळखणाऱ्या कारकुनाला तो थांबविण्याची मुभा नसेल, तर त्याचे प्रशिक्षण त्याला केवळ अधिक दुःखी करील. तात्पर्य, अशा प्रशिक्षणाची परीक्षा कर्मचारी किती वेगाने मसुदे काढतो यावरून घेऊ नये. अर्जदाराने जोडलेला दाखला तो शेवटपर्यंत वाचतो की नाही, आणि वाचून झाल्यावर त्याचे मत कचेरीत कोणी ऐकते की नाही, यावरून ती घ्यावी.