घरांत जनित्र बसवितांना

वीज गेली कीं घरांत अंधार होतो, एवढाच अनुभव पूर्वीच्या पिढीस होता. आज दिव्यांबरोबर पाण्याचा पंप थांबतो, लिफ्ट मध्येंच अडकते, आणि एखाद्या घरीं वृद्ध रुग्णाच्या उशाशीं चाललेलें प्राणवायूचें यंत्रही बंद पडतें. म्हणून पुण्यांतील पुष्कळ गृहस्थ घरचें जनित्र, म्हणजे नित्याच्या बोलण्यांतील जनरेटर, घेण्याचा विचार करतात. यंत्र कोणतें घ्यावें याची चौकशी दहा ठिकाणीं होते. तें बसवावें कोणी, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

पुण्यास जनित्र नवें नाहीं. डीझेल एंजिनें बनविणारी किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं पुण्यांत स्थापन झाली. पुढें २००६ सालीं राज्यांत विजेचा मोठा तुटवडा पडून भारनियमन चालू असतां येथील कारखान्यांनीं स्वतःचीं जनित्रें चालविलीं, आणि तितकी वीज शहरासाठीं मोकळी केली. राज्य वीज नियामक आयोगाच्या संमतीनें झालेली ही व्यवस्था ‘पुणें मॉडेल’ या नांवानें प्रसिद्ध आहे. परंतु कारखान्यांतील जनित्रापाशीं जाणता तंत्रज्ञ उभा असतो. घरच्या जनित्रापाशीं तसा कोणी नसतो. त्याची उणीव बसविणाऱ्याच्या कौशल्यानेंच भरून निघावयाची असते.

धोका कोठें आहे तें प्रथम ध्यानांत घ्यावें. रस्त्याच्या कडेचें रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घराघरांत २३० व्होल्टनें वीज पोंचवितें. परंतु रोहित्रास दिशा कळत नाहीं. खालच्या बाजूनें वीज दिली तर तेंच यंत्र वरच्या बाजूस हजारों व्होल्ट उत्पन्न करितें. जनित्र घरच्या तारांस तसेंच जोडलें, आणि मुख्य स्विच बंद करावयाचा राहिला, तर जनित्राची वीज मीटरमधून उलट रस्त्यावर जाते. पुष्कळ वेळां शेजारच्या घरांचा भार अंगावर येऊन लहान जनित्र तत्काळ बंद पडतें. पण वाटेंत तार तुटलेली असली किंवा फ्यूज काढलेले असले, तर तें तसेंच चालत राहतें. आणि नेमक्या त्याच वेळीं दुरुस्ती चालू असते. खांबावर चढलेला लाइनमन, ज्यास महावितरण कंपनी ‘जनमित्र’ म्हणते, ती तार निर्जीव समजून हात लावतो. तार जमिनीशीं जोडून मगच काम करावें असा त्याला नियम आहे, हें खरें. परंतु एकाच्या सावधपणावर विसंबून दुसऱ्यानें बेफिकीर राहणें कोणत्याही नीतींत बसत नाहीं. शिवाय बाहेरची वीज अकस्मात् परत आली म्हणजे दोन्ही प्रवाहांची गांठ पडून जनित्र जळतें, आणि प्रसंगीं घरासही आग लागते.

यावर उपाय साधा आहे. चेंजओव्हर स्विच या नांवाचा एक स्विच मीटर आणि घरांतील तारा यांच्यामध्यें बसवितात. त्याचा दांडा एका बाजूस बाहेरची वीज घेतो, दुसऱ्या बाजूस जनित्राची. दोन्ही एका वेळीं घेणें त्याच्या रचनेंतच शक्य नसतें. फेजच्या तारेबरोबर न्यूट्रलची तारही त्यानें तोडली पाहिजे. दोन्ही टोकांस पिना असलेली वायर करून जनित्राची वीज भिंतींतील प्लगमध्यें सोडण्याची युक्ति कांहीं ठिकाणीं सांगितली जाते. ती युक्ति नसून आत्मघात आहे, कारण अशा वायरीची उघडी पिन हीच जिवंत तार असते.

हें काम कोणी करावें हें कायद्यानेंही ठरविलें आहे. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांप्रमाणें ग्राहकाच्या जागेंतील असें काम परवानाधारक विद्युत् कंत्राटदारानें, सक्षमतेचें प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीं करावयाचें असतें. परवाना पाहण्यास मागण्यांत संकोच कसला? डॉक्टरची पदवी आपण पाटीवर वाचतोंच.

जाणता कंत्राटदार त्याच्या प्रश्नांवरून ओळखावा. तो आधीं विचारतो, जनित्र हवेंच कां? दिवे आणि पंखे एवढेंच चालवावयाचें असेल, तर बॅटरीवरील इन्व्हर्टर पुरे, असें तो सांगतो. मग तो भार मोजतो. एक अश्वशक्तीचा पंप चालतांना सुमारें ७४६ वॅटचें काम करितो. पण सुरू होतांना त्याची मोटर क्षणभर नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. हा हिशेब न केल्यास जनित्र पहिल्याच दिवशीं मान टाकतें. त्यानंतर तो स्वतंत्र अर्थिंग करतो, आणि जागा निवडतो. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. म्हणून बाल्कनी, जिन्याखालची जागा किंवा खिडकीजवळचा बोळ तो स्पष्ट नाकारतो. आवाजाचाही विचार तो करतो. डीझेल जनित्राचा आवाज त्याच्या पेटीपासून १ मीटरवर ७५ डेसिबलांहून अधिक नसावा, अशी सरकारी मर्यादा आहे. शेवटीं तो चांचणीचा लेखी अहवाल देतो, आणि घरांतील सर्वांस, विशेषतः दुपारीं घरीं असणाऱ्यांस, दांडा कसा फिरवावा तें करून दाखवितो.

या कामास कांहीं हजार रुपये अधिक पडतात, आणि तेथेंच गृहस्थ हात आंखडतो. जनित्राचा प्रकाश आपल्या घरांत पडतो, पण चुकीची शिक्षा बहुधा बाहेरच्या माणसास होते. आणि तो माणूस तर आपल्याच घरची वीज परत आणण्यासाठीं भर पावसांत खांबावर चढलेला असतो. स्विचची किंमत देतांना त्याची आठवण ठेवावी.