लाइट जाण्याआधीचा तो क्षण

तळेघरकडून भीमाशंकरला जाणाऱ्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात लाइट जाणे ही बातमी राहत नाही. घराघरांत प्रश्न एकच असतो, ‘कधी येणार?’ वायरमनपुढचा प्रश्न त्याहून अवघड असतो: बिघाड नेमका कुठे आहे? रानातून, ओढ्यांवरून, भातखाचरांतून गेलेली लाइन कोसळत्या पावसात खांबामागून खांब पाहत तपासायची. तोवर पिठाची गिरणी बंद राहते आणि दोन ते आठ अंशांतच टिकणाऱ्या लसींचीही काळजी लागते.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर उपकेंद्रातल्या पॅनेलवरच्या एका छोट्या डब्यात असते. त्याचे नाव रिले. तारेवर फांदी पडली किंवा इन्सुलेटर फुटला, की प्रवाह एकदम वाढतो. रिले ते ओळखतो आणि ब्रेकरला लाइन तोडायला सांगतो. जुने रिले एवढेच करत. आजचा डिजिटल रिले त्या क्षणाची नोंदही ठेवतो.

ही नोंद म्हणजे लाइनचा ईसीजीच. आपल्याकडे विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. बिघाडाच्या आधीची काही आवर्तने, प्रत्यक्ष बिघाड आणि ब्रेकर उघडेपर्यंतचा सारा प्रवास त्यात उमटतो. कोणत्या फेजवर बिघाड झाला, प्रवाह किती होता, ब्रेकरने किती वेळ घेतला, हे सगळे त्यातून वाचता येते. मोठ्या पारेषण लाइनवरचा रिले अंतरही सांगतो. समजा, लाइनचा अवरोध किलोमीटरला ०.४ ओहम आहे आणि बिघाडाच्या क्षणी रिलेला ६ ओहम दिसले. तर बिघाड सुमारे १५ किलोमीटरवर. गावाकडच्या ११ किंवा २२ केव्ही फीडरवर इतके नेमके उत्तर सहसा मिळत नाही. पण बिघाड उपकेंद्राजवळ असेल तर प्रवाह जास्त आणि लांब असेल तर कमी, एवढ्या अंदाजानेही पायपीट वाचते.

अडचण अशी, की रिलेची स्मृती मर्यादित असते. ती भरली, की नव्या नोंदी जुन्या नोंदींवर लिहिल्या जातात. वादळी रात्री एकच लाइन अनेकदा ट्रिप होते आणि सकाळपर्यंत पहिली, सर्वांत महत्त्वाची नोंद पुसली गेलेली असू शकते. म्हणून ती वेळीच उतरवून जपावी लागते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिलेंच्या नोंदी एकत्र वाचता याव्यात, यासाठी १९९१ मध्ये ‘कॉमट्रेड’ नावाचा सामाईक साचा ठरला. भारतात २०१० च्या ग्रिड मानकांनुसार मोठ्या बिघाडानंतर अशा नोंदी २४ तासांत सादर कराव्या लागतात.

दुसरी अट घड्याळाची. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. अनेक नोंदयंत्रांची घड्याळे जुळत नसल्याने आधी काय घडले आणि नंतर काय, हे लावण्यातच तपासकर्त्यांचा बराच वेळ गेला. आता उपकेंद्रातली घड्याळे जीपीएस उपग्रहांशी जुळवली जातात.

नोंदी कधी रिलेचीच चूकही दाखवतात. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली आणि उत्तर भारतातली वीज गेली. लाइनवर बिघाड नव्हताच. प्रचंड भार आणि घसरलेला व्होल्टेज यांमुळे रिलेला दूरवर बिघाड असल्यासारखे दिसले.

पण खरा उपयोग वर्षानुवर्षांच्या साठ्याचा. दर जूनमध्ये त्याच फेजवर, तेवढ्याच प्रवाहाचा बिघाड दिसत असेल, तर तिथे बहुधा एखादी फांदी तारेला टेकते आहे. ती मे महिन्यातच छाटता येते. ब्रेकर दरवर्षी थोडा थोडा मंदावत असेल, तर तो अडकून बसण्याआधी दुरुस्त करता येतो.

मात्र एक गोष्ट रिलेलाही नेहमी दिसत नाही. तुटलेली तार खडकावर किंवा कोरड्या मातीवर पडली, तर प्रवाह इतका कमी असू शकतो, की रिले जागाच होत नाही आणि तार जिवंत राहते. अशा तारेची नोंद आपल्यालाच करावी लागते. जवळ जाऊ नका, गुरांना व मुलांना लांब ठेवा आणि १९१२ वर कळवा. तार कुठे पडली आहे, ती जागा आणि जवळच्या खांबाची खूण सांगितली, तर वायरमनची अंधारातली वाट तेवढीच कमी होईल.