पीककर्जाचे सरळव्याज : दर आणि मुदत यांचा मेळ

भिलाई हे नगर पोलाद कारखान्यामुळे ओळखले जात असले, तरी त्याच्या सभोवतालच्या दुर्ग, पाटण व धमधा परिसराचे अर्थकारण बव्हंशी धानावर अवलंबून आहे. खरिपाच्या तोंडावर बियाणे, खते व मजुरी यांसाठी रोख रकमेची निकड निर्माण होते. अशा वेळी बँकेचा ७ टक्के दर आणि सावकाराचा ‘शेकडा ३’ हे दोन आकडे शेतकऱ्यासमोर असतात. ३ हा आकडा लहान असल्याने सावकाराचे कर्ज स्वस्त भासते. परंतु बँकेचा दर वर्षाचा, तर सावकाराचा महिन्याचा असतो.

मूळ सूत्र

सरळव्याज = मुद्दल × दर × मुदत ÷ १००. दर ‘दरसाल दर शेकडा’ असल्यास मुदत वर्षांत घ्यावी. दर मासिक असल्यास महिन्यांत घ्यावी. मुद्दल व व्याज मिळून रास होते.

२०,००० रुपये ८ महिन्यांसाठी घेतल्यास दरमहा शेकडा ३ प्रमाणे व्याज २०,००० × ३ × ८ ÷ १०० = ४,८०० रुपये होते. हा दर दरसाल ३६ टक्के ठरतो. ७ टक्के वार्षिक दराने त्याच मुदतीचे व्याज २०,००० × ७ × ८ ÷ १,२०० = सुमारे ९३३ रुपये होते.

दिवसांचा हिशोब

समजा, १५ जून रोजी किसान क्रेडिट कार्डावर ६०,००० रुपये उचलले आणि धानविक्रीनंतर २० जानेवारीस परत केले. हे २१९ दिवस होतात. व्याज ६०,००० × ७ × २१९ ÷ ३६,५०० = २,५२० रुपये. केंद्र शासनाच्या व्याज सवलत योजनेनुसार ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदत पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास ३ टक्के सूट मिळते. त्यामुळे ४ टक्क्यांप्रमाणे निव्वळ भार १,४४० रुपये राहतो. परतफेडीचा दिनांक चुकविल्यास या १,०८० रुपयांच्या सवलतीस मुकावे लागते.

अंशतः परतफेड

याच कर्जात १४६ दिवसांनी तोवरचे व्याज १,६८० व मुद्दलापैकी ३०,००० असे एकूण ३१,६८० रुपये भरले, तर उर्वरित ७३ दिवसांचे व्याज केवळ ३०,००० रुपयांवर आकारले जाईल. ते ४२० रुपये होते. ७ टक्के दराने एकूण व्याज २,५२० ऐवजी २,१०० रुपये होईल. म्हणूनच संपूर्ण मर्यादा एकाच दिवशी न उचलता गरजेनुसार रक्कम घेणे हितावह ठरते; न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही.

हिशोब तपासण्याचा अधिकार

हा प्रश्न जुनाच आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून उसळलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयास व्यवहाराचा मुळापासून हिशोब तपासण्याचा अधिकार दिला. मुद्दल व व्याज यांची खाती निराळी मांडावीत आणि शिल्लक मुद्दलावर सरळव्याज धरावे, हे त्याचे प्रमुख तत्त्व होते. व्याज मुद्दलात मिळविले की व्याजावरही व्याज चढते. ते सरळव्याज राहत नाही.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

विस्तार कार्यकर्त्यांनी गावभेटीत प्रत्येक कर्जासाठी पाच बाबींची नोंद करून घ्यावी : मुद्दल, दर, दर मासिक की वार्षिक, रक्कम उचलल्याचा दिनांक व परतफेडीचा अंतिम दिनांक. छत्तीसगडमध्ये सहकारी समित्यांमार्फत शून्य टक्के दराने अल्पमुदत कृषिकर्ज मिळते. म्हणून त्याची पात्रता प्रथम तपासावी. त्यानंतरच अन्य कर्जांचे दर वार्षिक स्वरूपात आणून तुलना करावी. ही आकडेमोड शेतकऱ्याने स्वतःच्या वहीत स्वतः केल्यास कर्ज घेण्याचा निर्णय अधिक डोळस होईल.