टर्मिनलची ओळख, लेखांक ६ : बिघडला तो मजकूर की मजकुराचे चित्र?

टर्मिनल आणि शेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मागच्या लेखांकात पाहिले. या आठवड्यात त्याच फरकाचा उपयोग करायचा आहे. एडिटरच्या आतल्या टर्मिनलमध्ये अक्षरे फाटतात, प्रॉम्प्टमध्ये रिकामे चौकोन येतात, टाइप केलेली लांब ओळ स्वतःवरच चढते. असे झाले की बहुतेक लोक फॉन्ट बदलून पाहतात, थीम बदलतात, एडिटर बंद करून पुन्हा उघडतात. माझे म्हणणे असे, की कोणत्याही सेटिंगला हात लावण्याआधी बिघडलेला भाग माउसने निवडावा, कॉपी करावा आणि एडिटरच्याच कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट करावा. तिथे मजकूर नीट उतरला, तर दोष चित्र काढण्यात आहे. तिथेही तो विस्कटलेलाच असेल, तर दोष त्याच्या आधी कुठेतरी आहे.

ही कसोटी का चालते, ते व्हीएस कोडच्या उदाहरणाने पाहू. त्यातला टर्मिनल म्हणजे एक्सटर्म डॉट जेएस ही लायब्ररी. प्रोग्राम जे बाइट पाठवतो त्यांचा अर्थ लावून ती स्मृतीत घरांचा एक तक्ता भरते. हा तक्ता १९७८ च्या व्हीटी-१०० या यंत्राच्या ८० स्तंभ आणि २४ ओळींच्या पडद्याचा थेट वंशज आहे. तक्ता भरला की चित्र काढणारा भाग तो पडद्यावर उतरवतो, आणि हे काम शक्यतो ग्राफिक्स कार्डाकडून करून घेतो. कॉपी करताना मजकूर येतो तो तक्त्यातून, पडद्यावरच्या ठिपक्यांतून नव्हे. म्हणून लॅपटॉप झोपेतून उठल्यावर अक्षरांच्या चिंध्या झाल्या आणि पेस्ट केलेला मजकूर मात्र स्वच्छ निघाला, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा आणि टर्मिनलची ‘जीपीयू ॲक्सिलरेशन’ ही सेटिंग ‘ऑफ’ करून पाहावी. वेग थोडा कमी होईल, अक्षरे परत येतील. रिकाम्या चौकोनांचे कारण आणखी साधे असते. सजवलेल्या प्रॉम्प्टमधली बाणांची आणि फांद्यांची चिन्हे युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात बसवलेली असतात, आणि ती नर्ड फॉन्टसारख्या खास फॉन्टशिवाय दिसत नाहीत.

असे चौकोन वगळता, पेस्ट केल्यावरही गोंधळ तसाच राहिला, तर फॉन्टशी झटापट करणे व्यर्थ आहे. ओळ स्वतःवर चढण्यामागे बहुधा बॅशचा प्रॉम्प्ट असतो. रंगाचे संकेत उलट्या तिरक्या रेघेसह चौकोनी कंसांत घातले नाहीत, तर बॅश त्यांनाही दिसणारी अक्षरे समजून मोजतो आणि ओळ कुठे मोडायची याचा हिशोब चुकवतो. चुकून एखादी बायनरी फाइल ‘कॅट’ केली, तर तिच्यातला एखादा बाइट टर्मिनलला रेघा काढायच्या अक्षरसंचात ढकलतो. त्यावर ‘रीसेट’ ही आज्ञा पुरते, मग ती टाइप करताना दिसो वा न दिसो. मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, तर आधी ‘लोकेल’ चालवून यूटीएफ-८ आहे का ते पाहावे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : तीच आज्ञा एडिटरबाहेरच्या टर्मिनलमध्ये नीट चालते, म्हणजे दोष एडिटरचाच. हा निष्कर्ष घाईचा आहे. दोन्हीकडे प्रोग्राम तोच असला तरी त्याला मिळणारी माहिती तीच असते असे नाही. मॅकवर डॉकमधून उघडलेल्या एडिटरला शेलमध्ये ठरवलेले व्हेरिएबल आपोआप मिळतीलच असे नाही. ईमॅक्सचा ‘शेल’ मोड तर ‘टर्म’ या व्हेरिएबलची किंमत मुद्दामच ‘डंब’ ठेवतो, आणि मग टर्मिनल पूर्ण क्षमतेचा नाही अशी तक्रार ‘लेस’ हा प्रोग्राम करतो. ती तक्रार खरी आहे, बिघाड नव्हे. म्हणून दोन्हीकडे ‘टर्म’ आणि ‘लँग’ यांच्या किमती आणि ‘एसटीटीवाय साइझ’चे उत्तर ताडून पाहावे. दुसरा आक्षेप मला मान्य आहे : रंगाच्या बाबतीत ही कसोटी मुकी आहे, कारण पेस्ट करताना रंग गळून पडतो. थीममध्ये दिलेला रंग टर्मिनलमध्ये वेगळाच दिसत असेल, तर व्हीएस कोड किमान ४.५ इतका कॉन्ट्रास्ट राखण्यासाठी रंग स्वतःच बदलतो, हे लक्षात घ्यावे. ती मर्यादा १ केली की हा हस्तक्षेप थांबतो.

देवनागरीपाशी मात्र कसोटी उत्तर देते, पण उपाय देत नाही. ‘क्षितिज’ आपल्याला तीन अक्षरांचे दिसते. तक्त्यात त्याला सहसा सहा घरे लागतात, कारण हलन्ताला वेगळे घर नसले तरी क, ष, त, ज आणि दोन्ही वेलांट्या यांना प्रत्येकी एक मिळते. प्रत्येक घर सुटे रंगवले, की जोडाक्षर जुळत नाही आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते. त्यातच काही लायब्ररी अशा चिन्हांना एक घर मोजतात, काही शून्य, त्यामुळे कर्सर भलत्याच जागी उभा राहतो. फॉन्ट बदलून हे सुटणार नाही. पेस्ट केलेला शब्द शाबूत असेल, तर फाइल शाबूत आहे, आणि टर्मिनलमध्ये विचित्र दिसते म्हणून तिच्यातले मराठी ‘दुरुस्त’ करायला कोणी जाऊ नये.

एक्सटर्म डॉट जेएस मुक्त स्रोत आहे, तिच्या निर्मात्यांकडे कोणालाही तक्रार नोंदवता येते. नोंदवताना नुसते छायाचित्र जोडू नका. कॉपी केलेला मजकूर, फॉन्टचे नाव आणि ‘टर्म’ची किंमत सोबत द्या.