वाकलेली पाठ कशावर तोलते?

दिवाळीच्या सुमाराला बदनापूर, भोकरदन, घनसावंगीच्या शिवारांत कापसाची वेचणी जोरात असते. बाई कमरेला ओटी बांधते, कपाशीच्या ओळीत शिरते आणि दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करत पुढे सरकते. वरची बोंडं उभ्यानं वेचता येतात, खालच्या फांद्यांसाठी वाकावं लागतं. ओटी भरत जाते तसा पुढचा भारही वाढतो. हा भार शरीर कसं पेलतं, हे समजून घ्यायला बायोटेन्सेग्रिटीची कल्पना फार उपयोगी पडते.

पाठीचा कणा म्हणजे मणक्यांवर मणके रचलेला खांब, असं चित्र आपल्या मनात असतं. पण रचलेला खांब सरळ असेपर्यंतच उभा राहतो. माणूस मात्र कमरेत वाकतो, एक हात लांबवतो, मान वळवतो आणि तरी पडत नाही.

हे कसं जमतं, ते समजायला एक शिल्प मदत करतं. 1948 मध्ये केनेथ स्नेल्सन या तरुण अमेरिकी शिल्पकारानं एक वेगळीच रचना केली. तिच्यातले कडक तुकडे एकमेकांवर न टेकता ताणलेल्या दोऱ्यांवर तोललेले होते. या तत्त्वाला टेन्सेग्रिटी हे नाव दिलं बकमिन्स्टर फुलर यांनी. अशा रचनेत दांडे दाब सोसतात, दोऱ्या ताण सोसतात आणि एका जागी जोर लावला तर तो सगळ्या रचनेत वाटला जातो. पुढे स्टीफन लेव्हिन या अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञांनी हेच तत्त्व शरीराला लावून पाहिलं, तीच बायोटेन्सेग्रिटी. इथे हाडं म्हणजे दांडे. स्नायू, अस्थिबंध आणि या सगळ्यांना वेढून जोडणारं फॅशियाचं जाळं म्हणजे दोऱ्या.

खांद्याकडे पाहिलं की हे पटकन कळतं. खांद्याचा फरा धडाच्या सांगाड्याला फक्त गळ्याजवळच्या एका हाडानं जोडलेला असतो. बाकी सगळीकडून त्याला स्नायूंनी ओढून धरलेलं असतं, सायकलच्या चाकातला हब ताणलेल्या तारांमध्ये असतो तसं. म्हणूनच हात चहूबाजूंना फिरतो आणि ओझंही उचलतो.

आता वेचणारीची पाठ पाहू. ती अर्धी वाकते तेव्हा कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू धड आवरून धरतात. पूर्ण वाकल्यावर मात्र बहुतेकांत हेच स्नायू जवळजवळ शांत होतात. फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी 1950 च्या दशकात स्नायूंतले विद्युतसंकेत मोजून हे दाखवलं. मग भार मुख्यतः अस्थिबंध, मणक्यांमधल्या चकत्या आणि कमरेच्या जाड फॅशियावर येतो. हा फॅशिया एका बाजूच्या कुल्ल्याचा मोठा स्नायू आणि दुसऱ्या बाजूच्या पाठीचा रुंद स्नायू यांना सांधतो. त्यामुळे उजव्या हाताची ओढ डाव्या कुल्ल्यापर्यंत पोचू शकते. दुखतं कमरेत, पण कामाला सगळं अंग लागलेलं असतं.

तरीही हाडं नुसती तरंगतात, असं मानणं चूक ठरेल. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला. वाकून वजन उचलताना तो बराच वाढतो. ताण आणि दाब दोन्ही खरे आहेत. बायोटेन्सेग्रिटी त्यांच्याकडे एकत्र पाहायला शिकवते, पण तिच्या नावावर केले जाणारे अनेक दावे अजून तपासले जायचे आहेत.

शेतात कामाला येईल अशी गोष्ट मात्र पक्की आहे. बराच वेळ वाकून राहिलं की अस्थिबंध हळूहळू ताणून लांबतात, आणि सरळ उभं राहिल्याबरोबर ते पूर्ववत होत नाहीत. त्याच क्षणी कापसाचं गाठोडं उचललं तर पाठीचा आधार सैल असतानाच जड भार पडतो. म्हणून ओटी तुडुंब भरण्याआधी रिकामी करावी, मधूनमधून सरळ व्हावं आणि गाठोडं उचलण्याआधी काही मिनिटं चालून घ्यावं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे थांबलेला वेळ बाईच्या पदरातून जातो. तो वेळ कामाचाच भाग धरून मजुरी ठरवणं शेतमालकाच्या हातात आहे.